पैसा माझाच, पण कोणत्या वयातल्या माझा?

निवृत्तीसाठी साठवलेला पैसा मुदतीआधी काढू द्यावा की नाही, हा वाद जिथे जिथे पेटतो तिथे दोनच वाक्यं ऐकू येतात. पहिलं असं, की पैसा ज्याचा त्याचा, तो कधी वापरायचा हे ठरवणारं सरकार कोण? दुसरं असं, की लोकांच्या हाती सोपवला तर ते आजच उडवून मोकळे होतील आणि म्हातारपणी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसतील. चिलीत २०२० आणि २०२१ साली याच दोन वाक्यांवरून रण माजलं. ऑस्ट्रेलियात त्याच सुमारास तीच वाक्यं जरा सौम्य आवाजात बोलली गेली. दोन्हींमागची कळकळ मला खरी वाटते. पण दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासता धरून चालतात. खात्यावर ज्याचं नाव आहे तो माणूस पंचविशीत, पंचेचाळिशीत आणि सत्तरीत एकाच मताचा असतो, असं त्या मानतात. मग भांडायला एवढंच उरतं, की या माणसाला शहाणा समजायचं की अजाण.

माझं म्हणणं वेगळं आहे. ठरवलेला बेत माणूस दोन कारणांनी मोडतो आणि ही दोन कारणं एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे. कधी परिस्थिती खरोखर बदलते. नोकरी जाते, आजारपण येतं, संसार मोडतो. कधी मात्र जगात काहीच बदललेलं नसतं, फक्त ठरवलेली तारीख जवळ आलेली असते. पहिल्या कारणासाठी बचतीचं कुलूप क्षणाचाही विलंब न लावता उघडलं पाहिजे. दुसऱ्यासाठी ते उघडू नये, किंवा फार सावकाश उघडावं. ज्या नियमाला हा फरक कळत नाही तो नियम कडक असो वा ढिला, दोन्हीपैकी एका माणसाचा घात करतोच.

दुसरं कारण नेमकं काय असतं? कुणाला विचारा, आज १०० हवेत की वर्षभराने ११०? बरेच जण आजचे १०० घेतात. त्याच माणसांना विचारा, दहा वर्षांनी १०० हवेत की अकरा वर्षांनी ११०? आता त्यांतले कितीतरी जण म्हणतात, दहा वर्षं थांबायचंच आहे तर आणखी एक वर्ष थांबू. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. पण दहा वर्षं सरली की दुसऱ्या प्रश्नाचाच पहिला प्रश्न होतो आणि थांबायचं ठरवलेला माणूस हात पुढे करतो. त्याला नवी माहिती मिळालेली नाही, त्याची गरज वाढलेली नाही. अर्थशास्त्रात याला कालविसंगती म्हणतात. पॉल सॅम्युएलसन यांनी १९३७ साली भविष्यातल्या सुखाचं आजचं मोल एका ठरावीक दराने घटवत नेण्याचं गणित मांडलं, तेव्हा माणूस खरंच असा वागतो असा त्यांचा दावा नव्हता. पुढे १९५५-५६ मध्ये रॉबर्ट स्ट्रॉट्झ यांनी दाखवून दिलं, की आज केलेला बेत उद्याही तसाच पटायचा असेल तर हे मोल कायम एकाच दराने घटावं लागतं. जवळच्या काळासाठी एक दर आणि लांबच्या काळासाठी दुसरा, असं झालं की बेत मोडण्याचं बी पेरणीच्या दिवशीच पडलेलं असतं.

इथे संयमाचे पुरस्कर्ते लगेच म्हणतील, म्हणजे मनाचा दुबळेपणाच ना? नाही. या प्रश्नावरचा सगळ्यांत घातक गैरसमज हाच आहे. एका घरातली दोन माणसं घ्या. दोघांची बचत एकत्र, दोघांच्या मताला सारखंच वजन. एकाला पुढच्या वर्षीच्या १०० चं आजचं मोल ९५ वाटतं, दुसऱ्याला ८०. दोघंही आपापल्या दराला आयुष्यभर चिकटून आहेत, कुणाचंही मन डळमळत नाही. पहिला नेहमी थांबायला तयार आहे, दुसरा कधीच नाही. आता दोघांच्या मतांची सरासरी काढून निर्णय घ्या. वर्षभरानंतरचे ११० आज सरासरीने सुमारे ९६ ठरतात, म्हणून घर आजचे १०० घेतं. दहा वर्षांनंतरच्या १०० चं मोल निघतं ३५.३ आणि अकराव्या वर्षीच्या ११० चं निघतं ३६. म्हणजे घर थांबायचं ठरवतं. दहा वर्षांनी तेच घर आपला ठराव मोडणार हे आजच लिहून ठेवता येईल. दूरच्या काळाबद्दल बोलताना अधीर माणसाचं मत जवळजवळ विरून जातं आणि धीराच्या माणसाचंच तेवढं ऐकू येतं. तारीख जवळ आली की अधीर माणूस पुन्हा पूर्ण ताकदीने बोलू लागतो. भिन्न दरांची माणसं एकत्र निर्णय घेतात तेव्हा असं घडणारच, हे मॅथ्यू जॅक्सन आणि लीट यारीव यांनी सिद्ध केलं आहे. दोन माणसांच्या घरात जे होतं ते कोट्यवधींच्या देशात होणार नाही असं कोण म्हणेल?

आणि देशांनी तर ते छापून ठेवलं आहे. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या ‘ग्रीन बुक’मध्ये सरकारी प्रकल्पांचे दूरचे लाभ मोजण्यासाठी पहिल्या ३० वर्षांना ३.५ टक्के, ३१ ते ७५ वर्षांना ३ टक्के असा उतरता दर दिलेला आहे. तो ३०० वर्षांपलीकडे १ टक्क्यावर येतो. भविष्याबद्दलची अनिश्चितता हे त्यामागचं कारण सयुक्तिक आहे. तरीही परिणाम असा, की चाळिसाव्या वर्षीचा जो निर्णय आज ३ टक्क्यांनी योग्य ठरतो, तो चाळिसावं वर्ष उजाडल्यावर ३.५ टक्क्यांनी तपासला जाईल आणि कदाचित नापास होईल. ग्रीन बुक लिहिणाऱ्या तज्ज्ञांना मनाचे दुबळे म्हणायचं का? विसंगती दराच्या आकारात आहे, एकत्र निर्णय घेण्याच्या रीतीत आहे. तिला चारित्र्यदोष ठरवणं म्हणजे सामान्य माणसाला विनाकारण लाज वाटायला लावणं आहे.

खर्चाइतकीच ही गोष्ट गुंतवणुकीलाही लागू पडते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. कारण गुंतवणूकदार स्वतःला या आजारातून मुक्त समजतो. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली अपेक्षित परतावा आणि चढउतार यांचा तोल साधण्याची जी पद्धत दिली, ती एका कालावधीपुरती चोख आहे. तीच पद्धत वर्षानुवर्षांच्या बेतासाठी वापरली की आजचा सर्वोत्तम बेत उद्या सर्वोत्तम राहत नाही. सुरुवातीला आखलेला बेत सांगतो, की बाजार चढला आणि रक्कम लक्ष्याजवळ पोचली तर धोका कमी कर. पण त्या दिवशी गुंतवणूकदार वाढलेल्या रकमेपासून गणित नव्याने मांडतो, लक्ष्य पुढे सरकवतो आणि धोका कायम ठेवतो. लोभ मध्ये आणायची गरजच नाही. तेच सूत्र, तोच माणूस, फक्त घड्याळ पुढे सरकलेलं. म्हणून या क्षेत्रातले अनेक गणिती आता ‘सर्वोत्तम बेत’ शोधण्यापेक्षा ‘पुढचा मी ज्याला मोडणार नाही असा बेत’ शोधतात. वेगवेगळ्या क्षणांचे ‘मी’ हे एकाच डावातले वेगवेगळे खेळाडू आहेत असं ते मानतात. हा बदल वादाच्या व्यासपीठावर अजून पोचलेलाच नाही.

तिथे पोचलेला उपाय एकच, आर्थिक साक्षरता. लोकांना चक्रवाढ व्याज समजावून सांगा, ते आपोआप शहाणे होतील! चक्रवाढ समजलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण अज्ञान हे ज्या रोगाचं कारण नाही त्यावर माहितीचं औषध कसं लागू पडेल? उलट टेड ओ’डोनह्यू आणि मॅथ्यू रेबिन यांनी १९९९ साली दाखवलं, की स्वतःचा मोह ओळखणारा माणूस काही वेळा न ओळखणाऱ्यापेक्षा वाईट वागतो. उद्याचा मी हे पैसे उडवणारच अशी खात्री झाली तर आजच्या मी ने राखून ठेवायचे कुणासाठी? भोळा माणूस उद्याच्या स्वतःवर विश्वास ठेवून निदान आज तरी वाचवतो. ज्ञानाबरोबर स्वतःला बांधून घेण्याचं साधन दिलं नाही तर ज्ञान हताशपणा वाढवू शकतं. हे साक्षरता मोहिमा चालवणाऱ्यांनी मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता विरोधी बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा. आदल्या दिवशीच्या मी ला आजच्या मी वर हुकूम चालवायचा अधिकार कुणी दिला? पंचविशीतल्या मुलाला पन्नाशीतल्या बाईबुवांच्या गरजा काय कळणार? फ्रँक रॅम्झी यांनी १९२८ साली भविष्याचं सुख कमी लेखणं नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवलं आणि ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतं असं म्हटलं. पण मग भविष्यातल्या माणसाच्या इच्छेला कमी लेखून त्याला जुन्या करारात जखडणं समर्थनीय कसं? मी हा मुद्दा मान्य करतो. आधीचा म्हणून कुणी श्रेष्ठ ठरत नाही. पण इथे लढाई आधीचा विरुद्ध नंतरचा अशी नसतेच. तिसाव्या वर्षीचा माणूस म्हणतो, पुढच्या वर्षापासून बचत. एकतिसाव्या वर्षीचाही तेच म्हणतो, बत्तिसाव्याचाही. साठीतला मागे वळून म्हणतो, यांतल्या कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. कोणत्याही एका वर्षाच्या उधळपट्टीच्या बाजूने त्या एका वर्षाचा माणूस तेवढा उभा असतो. त्याच्या आधीची आणि नंतरची सगळी माणसं विरोधात असतात, आणि त्यांत पुढे खर्च करणारा तो स्वतःही असतो. हे बहुमत मोजायचं नाही असं ठरवलं तर स्वातंत्र्याच्या नावाखाली आपण फक्त क्षणाला मताधिकार देतो.

शिवाय बांधून घ्यायची इच्छा वरून लादलेली नसते, याचे पुरावे आहेत. फिलिपिन्समधल्या एका बँकेच्या खातेदारांना असं खातं देऊ केलं गेलं, ज्यातले पैसे स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत काढता येणार नाहीत. व्याज जास्त नाही, सोय कमी. तरी २८ टक्के लोकांनी ते घेतलं. ज्या गटाला हा पर्याय मिळाला त्याची बचत वर्षभरात न मिळालेल्या गटाच्या तुलनेत ८१ टक्के बिंदूंनी जास्त वाढली. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा. ७२ टक्के लोकांनी ते खातं घेतलं नाही. म्हणून सगळ्यांना सरसकट जखडणाऱ्यांच्या हाती हा पुरावा लागत नाही. पण मोहाचा क्षण हीच माणसाची खरी पसंती असती तर त्या २८ टक्क्यांनी कोणत्या लाभासाठी आपली वाट बंद करून घेतली? जॉर्ज एन्स्ली यांच्या १९७४ च्या प्रयोगात तर काही कबुतरंही पुढे येणारा छोटा लाभ आधीच नाकारण्यासाठी कळ टोचायला शिकली. मोठ्या लाभापर्यंत पोचायचं तर मधली वाट बंद हवी, ही गरज नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आलेली नाही.

दुसरा भक्कम मुद्दा गरिबीचा. ज्याला उद्याची शाश्वती नाही त्याने आजचं पदरात पाडून घेणं हा शहाणपणाच आहे. हे अगदी खरं आहे. लहान मुलांना एक गोड खाऊ आत्ता की थांबल्यास दोन, या सुप्रसिद्ध प्रयोगाची २०१३ साली वेगळ्या रीतीने मांडणी झाली. ज्या मुलांना आधी मोठ्या माणसाने दिलेला शब्द मोडल्याचा अनुभव आला होता ती सरासरी सुमारे ३ मिनिटं थांबली, शब्द पाळला गेलेली सुमारे १२ मिनिटं. ज्या व्यवस्थेने शब्द मोडले आहेत तिने गरिबांना संयमाचे धडे देऊ नयेत. पण या मुद्द्याची मर्यादाही पाहा. अविश्वास हे कारण असेल, तर दहा वर्षं पैसे सुखरूप राहिल्यावर विश्वास वाढायला हवा आणि तारीख जवळ येताना धीरही वाढायला हवा. प्रत्यक्षात जवळ येताच धीर सुटतो. म्हणजे अविश्वासाखेरीज आणखी काहीतरी आहे. आणि रोख हातात नसण्याचं दुःख तर माझ्या विभागणीत सरळ पहिल्या कारणात बसतं. त्या माणसाला मी एक दिवसही ताटकळत ठेवणार नाही.

चिली आणि ऑस्ट्रेलियाकडे या नजरेने पाहिलं की काय दिसतं? महासाथीत चिलीत रोजगार गेले, सरकारी मदत उशिरा आणि अपुरी आली. लोकांनी आपल्याच खात्याकडे पाहिलं, यात त्यांचा दोष शोधणं निर्दयपणाचं आहे. जुलै २०२० मध्ये जमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत (अगदी छोट्या खात्यांतून सगळेच) पैसे काढायची परवानगी मिळाली, ती अपवाद म्हणून. डिसेंबरमध्ये दुसरा अपवाद झाला, एप्रिल २०२१ मध्ये तिसरा. चौथा प्रस्ताव २०२१ अखेरीस संसदेत पडला. तोवर सुमारे ५० अब्ज डॉलर बाहेर आले होते आणि लाखो खाती रिकामी झाली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये महागाई १४ टक्क्यांवर गेली. तिला इतरही कारणं होती, पण एवढा पैसा एकदम बाजारात आल्याचा वाटा नाकारता येत नाही. ज्याची नोकरी गेली आणि ज्याची शाबूत होती, दोघांना दार सारखंच उघडलं गेलं. ऑस्ट्रेलियाने निदान अटी घातल्या होत्या, जसं बेकारी किंवा कामाचे तास २० टक्के घटणं. पण अर्जदाराने स्वतःच ऑनलाइन घोषणा करायची होती. १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दोन वेळा काढता येत होते. ३६ अब्जांहून जास्त रक्कम गेली आणि तिचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच खर्च झाल्याचं अभ्यासकांना आढळलं. दोन्ही देशांत वाद ‘उघडायचं की नाही’ एवढाच झाला. कुणासाठी, किती वेगाने, हा प्रश्न विचारणारे आवाज गोंगाटात बुडाले. आणि ‘फक्त एकदाच’ म्हणत तीनदा दार उघडणारी संसद ही कालविसंगतीचं जितंजागतं उदाहरण नव्हती का?

सरकारांना हे कळत नाही असं मात्र म्हणू नये. फिन किडलँड आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९७७ साली सांगितलं, की दरवेळी त्या क्षणी योग्य वाटेल ते करणारं सरकार शेवटी जास्त महागाई पदरी पाडून घेतं, म्हणून त्याने आधीच नियमाने बांधून घ्यावं. २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेला महागाई रोखण्याचं काम देऊन मंत्र्यांचे हात बांधले आणि पुढे अनेक देश त्या वाटेने गेले. सरकार स्वतःचे हात बांधतं तेव्हा आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो. तीच सोय सामान्य माणसाने मागितली तर ती स्वातंत्र्यावर घाला कशी ठरते?

मला हवी आहेत दोन दारं. पहिलं संकटाचं. नोकरी गेल्याची, रुग्णालयात भरती झाल्याची नोंद आधीच कुठेतरी असते. ती जुळली की पैसे लगेच, दंडाशिवाय. दुसरं दार सगळ्यांसाठी, कारण न विचारता. पण आज अर्ज आणि सहा महिन्यांनी पैसे. सहा महिनेच का, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही, तीनही चालतील. तत्त्व असं, की अर्ज करणाऱ्याच्या दृष्टीने खर्च आणि बचत दोन्ही भविष्यात गेलं पाहिजे. तेव्हाही त्याला पैसे काढावेसे वाटत असतील तर ती त्याची विचारपूर्वक निवड आहे आणि तिच्या आड कुणी येऊ नये. कायम एखादा अर्ज रांगेत टाकून ठेवणारे निघतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अर्ज केलेली रक्कम त्या काळात गुंतवणुकीतून बाजूला काढून ठेवावी, म्हणजे उगाच अर्ज टाकण्याला किंमत पडेल. ही वाट दंडापेक्षा बरी, कारण टक्केवारीचा दंड सगळ्यांत जास्त नडतो तो खरोखर अडलेल्याला. मोहात सापडलेला तो दंड न बघताच भरतो.

भरण्याच्या बाजूनेही असंच काळाचं अंतर उपयोगी पडतं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी कामगारांना आजच्या पगारातून काहीच मागितलं नाही. पुढची पगारवाढ होईल तेव्हा बचतीचा हिस्सा वाढवू, एवढंच आधी कबूल करून घेतलं, आणि केव्हाही बाहेर पडायची मुभा ठेवली. सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. ज्या अंतरामुळे बेत मोडतो तेच अंतर इथे बेत करायला वापरलं गेलं. यात कुणाला अजाण ठरवलं गेलं?

एक अडचण तरीही राहते आणि ती मला सगळ्यांत जास्त बोचते. तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाकडे निवृत्तीच्या खात्याखेरीज दुसरा पैसाच नसेल तर त्याची प्रत्येक छोटी अडचण संकटाच्या दाराशी येणार आणि तिथे त्याला कागद दाखवत उभं राहावं लागणार. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात निवृत्ती खात्याला जोडूनच आणीबाणीच्या बचतीचं छोटं खातं ठेवायची मुभा दिली. कायद्यातल्या मूळ मर्यादेनुसार कामगाराने त्यात जास्तीत जास्त २,५०० डॉलर ठेवावेत आणि कारण न सांगता काढावेत. मर्यादा तोकडी आहे आणि ते खातं देणं मालकाच्या मर्जीवर आहे, हे दोन्ही बदलायला हवं. पण क्रम बरोबर आहे. आधी हाताशी राहणारा थोडा पैसा, मग त्यामागे कुलूप. जिथे निवृत्तिनिधी उघडण्याचं विधेयक पुन्हा येईल तिथे पहिली मागणी या छोट्या खात्याची व्हावी, आणि त्यातली सुरुवातीची रक्कम कामगाराच्या पगारातून न कापता मालकाने किंवा सरकारने भरावी.